चाहत्यांनी धावावे, मागावे आणि हिशेबही द्यावा

एखादा क्रिकेटपटू किंवा नट झेंडा दाखवायला येणार म्हटले, की शर्यतीत नाव नोंदवायला तरुणांची झुंबड उडते. त्यातल्या काहींच्या अंगावर हल्ली आणखी एक काम पडते. धावायला या, पण येताना एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करून आणा, असे आयोजक सांगतात. मग सोळा-सतरा वर्षांची मुले नातेवाइकांना, शिक्षकांना, इमारतीतल्या काका-काकूंना गाठू लागतात. मोठ्यांना हा सारा खटाटोप आवडत्या ताऱ्याच्या जवळ उभे राहता यावे म्हणून चाललेला वाटतो. तसे असले तरी त्यात वावगे काही नाही. लखनौसारख्या शहराने ही हौस मनावर घ्यावी आणि तिला नीट वळण द्यावे, असे माझे मत आहे. त्याला एक अट मात्र हवी: ज्याने पैसे मागितले, त्याने ते कुठे आणि कसे खर्च झाले हेही देणाऱ्याला सांगितले पाहिजे.

याचा सर्वांत मोठा वस्तुपाठ मुंबईत आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने धावण्याला देणगीची जोड दिली. २०२४ च्या एका स्पर्धेच्या निमित्ताने स्वयंसेवी संस्थांसाठी ७० कोटी रुपयांहून अधिक निधी उभा राहिला. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी ‘ड्रीम रन’ या हौशी धावेत पळणाऱ्यांपेक्षा चालणारेच जास्त दिसतात. कुणाच्या हातात नेत्रदानाचा फलक असतो, कुणाच्या टी-शर्टवर मतिमंद मुलांच्या शाळेचे नाव असते. सिनेमातले चेहरे दिसले की गर्दी तिकडे वळते, हे खरेच. पण निधी त्या चेहऱ्यांमुळे आपोआप जमत नाही. संस्था आधी नोंदणी करतात, निधी उभारणारा त्यांतली एक निवडतो आणि तिच्यासाठी ओळखीच्या माणसांकडे एकेक करून हात पसरतो. या कामात तरुणांचा वेगळा गटही असतो. तारा लोकांना मैदानापर्यंत आणतो. खिशात हात घालायला लावतो तो ओळखीचा माणूस.

लखनौला हे नवे नाही. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, या शहरात आले. त्या भेटीचे स्मारक म्हणून अवधच्या तालुकेदारांनी आणि धनिकांनी देणग्या दिल्या आणि राजपुत्राच्या हस्ते वैद्यकीय महाविद्यालयाची पायाभरणी झाली. १९११ पासून तिथे शिक्षण सुरू झाले. आज पूर्व उत्तर प्रदेशातल्या गोरगरिबांचा आधार असलेले ‘केजीएमयू’ ते हेच. देणाऱ्यांपैकी अनेकांचा डोळा राजदरबारातल्या मानावर असणार. तरी त्या पैशातून डॉक्टर घडवणारी संस्था उभी राहिली, म्हणून तो सत्कारणी लागला. आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण पानी फाउंडेशनचे. आमिर खानच्या नावामुळे २०१६ च्या पहिल्या ‘वॉटर कप’ या जलसंधारणाच्या स्पर्धेकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले. पण ३ तालुक्यांतल्या ११६ गावांनी घाम गाळण्याआधी गावकऱ्यांना पाणलोटाच्या कामाचे प्रशिक्षण मिळाले होते. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने पहिला क्रमांक पटकावला तो याच तयारीच्या बळावर. नाव मोठे असले की सुरुवात सोपी होते. काम टिकायला मागे संस्था, शिस्त आणि शिकवण लागते.

लखनौमध्ये दातृत्वाचीही वानवा नाही. ज्येष्ठातल्या मंगळवारी, म्हणजे ‘बडा मंगल’ला, शहरभर रस्त्याच्या कडेला मांडव पडतात. मोठमोठ्या कढयांत पुऱ्या तळल्या जातात, पुरी-भाजीचे द्रोण आणि सरबताचे पेले येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात दिले जातात. कुणी जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. या परंपरेचा शहराला सार्थ अभिमान आहे. पण मंगळवार सरला की मांडव उतरतात, आणि रुग्णालयाच्या आवारात चादर अंथरून बसलेल्या नातेवाइकांना बुधवारीही जेवायचे असते. गोंडा, बहराइचकडून रक्ताचा कर्करोग झालेले मूल घेऊन आलेल्या आई-बापांचा विचार करा. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. खोलीचे भाडे, रोजचे जेवण, पुन्हा पुन्हा करावा लागणारा प्रवास आणि बुडालेली मजुरी यांचे काय? असे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. औषध उपलब्ध असूनही ते अर्ध्यावर सुटतात, त्यामागे बऱ्याचदा हाच खर्च असतो. एखाद्या तरुण चाहत्याने जमवलेल्या पन्नास हजारांतून ही पोकळी थोडी तरी भरता येते.

यावर काही आक्षेप येतात आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की बड्या घरातले मूल वडिलांच्या चार मित्रांना फोन करून लाखभर जमवील, आणि चौकातल्या चहावाल्याचा मुलगा दारोदार हिंडून दोन हजार. म्हणून कौतुक रकमेचे न करता देणाऱ्यांच्या संख्येचे करावे. शंभर जणांकडून वीस-वीस रुपये आणणाऱ्याला ताऱ्याशेजारी उभे करावे. दुसरा आक्षेप मुलांच्या वापराचा. २००६ मध्ये चार वर्षांच्या बुधिया सिंगला पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर पळवले गेले आणि देशाने टाळ्या वाजवल्या. नंतर सरकारला त्याचे असे धावणे थांबवावे लागले. वयाची अट, अंतराची मर्यादा आणि पालकांची संमती यांत तडजोड नको, आणि आजारी मुलाचा चेहरा फलकावर छापून सहानुभूती मिळवणे तर नकोच. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: आरोग्य ही सरकारची जबाबदारी असताना मुलांनी झोळी का फिरवावी? जबाबदारी सरकारचीच आहे, यात दुमत नाही. पण ज्या मुलाने रुग्णाच्या आईला राहायला जागा मिळत नाही हे शंभर जणांना समजावून सांगितले, ते मोठे झाल्यावर सरकारलाही तोच प्रश्न विचारील. हा प्रश्न कधी ठाऊकच नसलेला नागरिक तो विचारणार तरी कसा?

लोकप्रियता आणि लोकांचा पैसा यांचे नाते कसे असावे, हे गाडगेबाबांनी दाखवून दिले आहे. त्यांच्या कीर्तनाला माणसांचा महापूर लोटे, लोक भरभरून देत. त्यातून धर्मशाळा, अन्नछत्रे उभी राहिली. कारभार विश्वस्तांकडे दिला आणि आपल्या कुटुंबाचा त्यावर हक्क राहणार नाही, अशी तजवीज बाबांनी केली. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना निवारा देते.

लखनौच्या आयोजकांनी एवढे तरी करावे. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी, मुलांच्या हाती रोकड नको. प्रत्येक देणगीदाराला पावती मिळावी. धावण्याआधी प्रत्येक तरुणाने त्या संस्थेत एक दिवस काम करावे, म्हणजे आपण कुणासाठी मागतो आहोत हे त्याला कळेल. शर्यतीनंतर सहा महिन्यांनी त्याने खर्चाचा एक पानी तपशील सर्व देणाऱ्यांना पाठवावा आणि ज्याच्या नावाने गर्दी जमली, त्या ताऱ्याने तो समाजमाध्यमांवरच्या आपल्या खात्यावरून जाहीर करावा. एवढे केले तर पुढच्या वर्षी ते मूल पुन्हा दारात आले असता लोक ताऱ्याचे नाव न विचारताच पैसे देतील.