बोट ‘पिकण्याची’ वाट पाहू नका

आपल्या खानदेशात दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी जोरात असते. वाळलेल्या बोंडाची टोके बोटांना टोचतात. बांधावरच्या बाभळीचा काटा मोडून आत राहतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत विळा लागतो. जखम एवढीशी, म्हणून कोणी लक्ष देत नाही. दोन-तीन दिवसांनी बोट ठणकू लागते. मग कोणी लिंबात बोट घालायला सांगतो, कोणी हळद-तेलाचे पोटीस बांधतो. आणि सगळ्यांचा एकच सल्ला असतो: “पिकू द्या, मग फोडू.”

माझे मत स्पष्ट आहे. हाताच्या बाबतीत हा सल्ला घातक आहे. का, ते समजण्यासाठी बोटाची आतली रचना पाहू.

नखुरडे

नखाच्या कडेच्या कातडीत जंतू शिरले की ती लाल होऊन दुखते. पहिल्या एक-दोन दिवसांत कोमट पाण्याचा शेक आणि डॉक्टरांनी दिलेले औषध यांनी बरेचदा भागते. पू झाला असेल, तर कडेची कातडी अलगद उचलून तो काढतात. पू नखाखाली गेला असेल, तर नखाचा थोडा भाग काढावा लागतो.

बोटाच्या टोकाचा गर

बोटाच्या टोकाशी कातडीपासून हाडापर्यंत चिवट पडदे असतात. त्यामुळे तिथे छोटे-छोटे बंद कप्पे तयार होतात. कप्प्यात पू झाला की त्याला पसरायला जागा नसते आणि दाब वाढत जातो. रात्रभर जीव घेणारा ठणका या दाबाचाच असतो. दाबामुळे टोकाच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड कुजू शकते. वरून बोट ‘पिकलेले’ दिसेपर्यंत आतले हाड खराब झालेले असू शकते.

स्नायूच्या दोरीची नळी

बोट मिटणाऱ्या दोऱ्या एका बंद नळीतून सरकतात. या नळीत पू झाला की दोरीचे पोषण थांबते. दोरी कुजते किंवा चिकटते आणि बोट कायमचे ताठ होते. करंगळीची आणि अंगठ्याची नळी मनगटापर्यंत जाते आणि बऱ्याच लोकांत त्या तिथे एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणून करंगळीतला पू अंगठ्यापर्यंत पोहोचू शकतो.

हा आजार ओळखण्याची चार लक्षणे शिकागोचे सर्जन अॅलन कॅनाव्हेल यांनी मांडली. ती आजही आम्ही वापरतो:

- बोट थोडे वाकलेलेच राहते.
- संपूर्ण बोट सारखे सुजते.
- तळव्याच्या बाजूने नळीवर दाबले की दुखते.
- कोणी बोट सरळ करू गेले की कळ मस्तकात जाते.

यांतले शेवटचे लक्षण दिसले, तर तासाभराचाही उशीर नको.

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. तळहाताची कातडी घट्ट आणि मागची सैल असते. त्यामुळे पू तळहातात असला तरी सूज हाताच्या मागे दिसते.

नुसत्या गोळ्या का पुरत नाहीत?

मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिक रक्तातून जाते. पू साठलेल्या बंद जागेत रक्त नीट पोहोचत नाही. दुखणे कमी करणाऱ्या गोळीने ठणका दबतो, आत आजार वाढत राहतो. पू झाला की त्याला वाट करून देणे हाच उपाय. बोटापुरती भूल देऊन छोटा छेद घेतात. नळीत पू असेल, तर ती सलाइनने धुतात. जखम बहुधा टाके न घालता उघडी ठेवतात. तो निष्काळजीपणा नव्हे. नंतर हात उंच ठेवणे आणि सांगितल्यावर लगेच बोटे हलवणे तेवढेच महत्त्वाचे.

मात्र बोटावर पाण्याचे बारीक फोड असतील, तर ते स्वतः फोडू नका. हा विषाणूचा आजार असू शकतो आणि त्यात कापल्याने नुकसानच होते.

लगेच कधी यावे?

ठणक्याने एक रात्र झोप लागली नाही, हातावर लाल रेघ चढली, काखेत अवधाण आले, ताप आला, किंवा तुम्हाला मधुमेह आहे, तर घरगुती उपाय थांबवा. सुजायच्या आधी अंगठी काढा. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते सांगा. मधुमेह माहीत नसला तरी साखर तपासून घ्या. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. तिथे सर्जन भेटतात.

“वेचणीचे दिवस आहेत, रोज बुडेल,” हे कारण मला समजते. पण दोन दिवसांचा रोज पुन्हा मिळवता येतो. ताठ झालेल्या बोटाने कापूस वेचता येत नाही, विळाही धरता येत नाही. शेतमालकांनाही विनंती आहे: मजुराचे बोट सुजलेले दिसले, तर त्याला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.