बक्षिसाचे पुस्तक आणि वाचायचे पुस्तक

स्नेहसंमेलनात किंवा पंधरा ऑगस्टला चौथी ते आठवीच्या मुलांना बक्षीस म्हणून पुस्तके देण्याची प्रथा आपल्याकडे चांगली रुळली आहे. प्रथा स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ती पुस्तके कोण निवडतो आणि कोणत्या कसोटीवर, याचा विचार क्वचितच होतो. बहुधा थोरांची चरित्रे, सुविचारांचे संग्रह आणि ज्यांच्यावर सवलत अधिक अशी पुस्तके एकगठ्ठा आणली जातात. मूल पुस्तक घरी नेते, आईवडील ते कौतुकाने फळीवर ठेवतात आणि पुढे ते कोणी उघडत नाही. मग आपणच म्हणतो, आजकालची मुले वाचत नाहीत!

नऊ ते तेरा हे वय मोठे नाजूक असते. अक्षरओळख झालेली असते, आजीच्या गोष्टी मागे पडलेल्या असतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या अजून दूर असतात. वाचनाची गोडी लागायची ती याच चार वर्षांत. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट आहे. आमगाव-सालेकशाकडचे मूल घरी पोवारी किंवा गोंडी बोलते, बाजारात हिंदी बोलते आणि शाळेत प्रमाण मराठी वाचते. म्हणजे पुस्तकातील मराठी ही त्याची दुसरी, कधी तिसरी भाषा असते. अशा मुलाच्या हाती संस्कृतप्रचुर चरित्र दिले, तर ते पहिल्याच पानावर थबकते. दोष पुस्तकाच्या निवडीचा असतो, पण मुलाला वाटते, आपल्यालाच वाचता येत नाही. एकदा ही समजूत मनात बसली, की ती काढणे पुढे शिक्षकालाही जड जाते.

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एका खेड्यातील मुलांना रोज संध्याकाळी वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी बोधकथा नेल्या. तिसऱ्या कथेला निम्मी मुले उठून गेली. दुसऱ्या दिवशी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे नेला. फुरसुंगी कुठे आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते, पण बन्या संकटात सापडताच सगळी जागच्या जागी बसली. नंतर मी मारुती चितमपल्लींची पक्ष्यांविषयीची दोन पाने वाचली. हे लेखन काही मुलांसाठी म्हणून लिहिलेले नाही. तरीही एका मुलाने मला मध्येच थांबवले आणि त्या पक्ष्याला आमच्याकडे काय म्हणतात ते सांगितले. मग जो तो आपापल्या बोडीवरचा पक्षी सांगू लागला. वाचन बाजूला राहिले, याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधच्या परिसरात काम केले, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. ज्या तळ्यावर त्यांनी पक्षी पाहिले, ते तळे या मुलांच्या जिल्ह्यात आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

यावर काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, मग संस्कारांचे काय? प्रश्न रास्त आहे. 'श्यामची आई' हेच उदाहरण घेऊ. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात प्रकरणांऐवजी रात्री आहेत, कारण श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळात सांगण्या-ऐकण्याचे आहे. दहा वर्षांच्या मुलाला ते नुसते बक्षीस म्हणून देण्यापेक्षा रोज एक रात्र कोणी वाचून दाखवली, तर संस्कार वेगळे शिकवावे लागणार नाहीत. उलट बाजूने कोणी म्हणतात, मुलांनी काहीही वाचावे, वाचले म्हणजे झाले. हेही मला पटत नाही. घाईने छापलेली, चुकांनी भरलेली, चित्रे कुठून तरी उचललेली पुस्तके मुलाला फार काळ धरून ठेवत नाहीत.

तेव्हा निवडताना काय पाहावे? माझ्या मते, प्रथम कोणतेही मधले पान उघडून मोठ्याने वाचावे. जीभ अडखळली, तर ते पुस्तक मुलालाही अडखळवील. एका पानावर पाच-सहा शब्द अडले, तर ते पुस्तक एखाद्या वर्षाने द्यावे. गोष्टीतल्या मुलाला स्वतः काही करावे लागते की मोठी माणसेच त्याला उपदेश करतात, हे पाहावे. आणि न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर परत करण्याची मुभा मुलाला असावी, कारण आपणही ती घेतोच!

चांगल्या पुस्तकांचा दुष्काळ आहे, असे मात्र नाही. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आता मोबाईलवरही फुकट वाचता येतात. विंदा करंदीकरांच्या बालकविता आहेत, माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आहेत, जपानमधून आलेली 'तोत्तोचान' मराठीत मिळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. पण आम्ही शिबिर घेतले त्या गावात कपाट होते, पुस्तके होती आणि किल्ली कुणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. पुस्तके मळतील म्हणून ती मुलांपासून जपली जात असतील, तर ती विकत तरी कशाला घ्यायची?

मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण उद्या शिक्षक होणार आहेत. खरेदीच्या याद्या आपल्या सहीने जातील. त्या करण्यापूर्वी सहावी-सातवीच्या दोन मुलांना जवळ बसवून पुस्तके चाळायला द्यावीत, एवढी माझी विनंती आहे. आणि आपल्या मराठी वाङ्मय मंडळाला आणखी एक सुचवावेसे वाटते. महाराष्ट्रातला सारस आज मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत उरला आहे. त्या सारसाची, रोवणीच्या दिवसांची, मोहफुले वेचायला पहाटे निघणाऱ्या मुलीची गोष्ट लिहायला पुण्या-मुंबईचा लेखक कशाला हवा? पुढच्या वर्षीच्या अंकात चार पाने मुलांसाठी राखून ठेवावीत आणि छापण्यापूर्वी ती जवळच्या शाळेत नेऊन वाचून दाखवावीत. मुले उठून गेली, तर ती पाने पुन्हा लिहावीत.