संघांतर आणि पक्षांतर

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला भेस्तान नावाचे एक लहानसे रेल्वे स्थानक आहे. मुंबईकडून येणारी गाडी सचिन सोडते, भेस्तान ओलांडते आणि उधन्याला लागते. गोमंतकातून कोकण रेल्वेने गुजरातेत जाणाऱ्यांनी हे नाव फलाटावरील पाटीवर ओझरते वाचले असेल, इतकेच. परंतु भेस्तान, उधना, पांडेसरा, लिंबायत हा सारा पट्टा मराठी माणसाने, विशेषतः खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी माणसाने गजबजलेला आहे. यंत्रमाग आणि कापडाच्या रंगाईचे कारखाने त्याच्या घामावर चालतात. या भागातील खासदार व २०२४ साली केंद्रात मंत्री झालेले सी. आर. पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातले, एवढ्यावरून या वस्तीचे राजकीय वजन कळावे.

याच सुरतेत, भेस्तानपासून काही मैलांवर असलेल्या डुमस रस्त्यावरील एका पंचतारांकित हॉटेलात, २१ जून २०२२ रोजी शिवसेनेचे बंडखोर आमदार मुक्कामाला असल्याचे महाराष्ट्राला कळले. तेथून ते गुवाहाटीस गेले, आणि २९ जूनच्या रात्री त्यांचा तळ पडला तो आमच्या गोव्यात. दुसऱ्या दिवशी मुंबईत नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. यात्रेचा आरंभ सुरतेत आणि सांगता गोव्यात! भेस्तानचा मराठी कामगार आणि मडगावचा गोमंतकीय यांचा एरवी एकमेकांशी काही संबंध नाही. या यात्रेने त्यांना एकाच पंगतीला बसविले. दोघांच्याही दारावरून वरात गेली आणि दोघांनाही कोणी विचारले नाही.

आणखी एक गोष्ट या दोघांना जोडते, ती फुटबॉलची. गोव्यात हा शौक रक्तातच आहे. भेस्तानसारख्या वस्तीतही पाळी संपवून रात्री उशिरा हातातील मोबाइलवर युरोपातील सामने पाहणारा तरुण आता नवलाचा राहिलेला नाही. कोणता खेळाडू कोणत्या क्लबातून कोठे गेला, किती वर्षांच्या कराराने गेला, हे त्याला तोंडपाठ असते. तो राजकारणावर बोलू लागला की शहाणीसुरती माणसे हसतात. फुटबॉलपटू काय आणि आमदार काय, दोघेही पैशासाठीच घर बदलतात, मग एकाला टाळ्या आणि दुसऱ्याला शिव्या का, असा त्यांचा सवाल असतो. प्रश्न बिनतोड वाटतो खरा. परंतु आमच्या मते या बाबतीत त्या शौकिनाची समज आपल्या कायदेपंडितांहून अधिक स्वच्छ आहे.

बंगाली भाषेत या दोन्ही गोष्टींना एकच शब्द आहे, ‘दलबदल’. हिंदीत तो केवळ राजकारणापुरता उरला. कलकत्त्यात मात्र फुटबॉलपटू क्लब बदलतो तेव्हाही दलबदलच करतो. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत तेथील दलबदलाचे दिवस म्हणजे एक उत्सवच असे. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांचे कार्यकर्ते खेळाडूंना ताब्यात घेत, गुप्त ठिकाणी ठेवीत, भोवती पहारे बसवीत आणि सह्या होईपर्यंत त्यांना कोणाच्या दृष्टीस पडू देत नसत. १९८५ साली कृशानू डे आणि विकास पांजी ही जोडी मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेली, तेव्हा सारे शहर ढवळून निघाले होते. योगायोग असा, की त्याच १९८५ साली संसदेने बावन्नावी घटनादुरुस्ती करून पक्षांतरबंदीचा कायदा आणला.

सुरतेतील मुक्काम हा त्या कलकत्ता पद्धतीचाच राजकीय अवतार होता. धाराशिवचे आमदार कैलास पाटील वाटेतच निसटले. पावसात पायी आणि मग मिळेल त्या वाहनाने मुंबईकडे कसे परतलो, ते त्यांनीच सांगितले. बाळापूरचे नितीन देशमुख यांनी सुरतेहून परतल्यावर बळजबरीचा आरोप केला. दुसऱ्या बाजूने तो नाकारला. खरेखोटे काहीही असो, पहारे, पळापळ आणि बेपत्ता माणसे हे सारे दृश्य जुन्या फुटबॉल शौकिनाला ओळखीचे वाटले असेल.

साम्य येथे संपते. कृशानू डे ईस्ट बंगालला गेला तेव्हा स्वतःचे पाय घेऊन गेला. मोहन बागानसाठी त्याने केलेले गोल मोहन बागानच्याच खात्यावर राहिले. त्या गोलांनी मिळालेले गुण, जिंकलेले चषक, यांतले काहीही तो बरोबर नेऊ शकत नव्हता आणि नेऊ पाहतही नव्हता. भेस्तानच्या मागावर बसणाऱ्या कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. तो स्वतः चार पैसे अधिक मिळत असतील तर एक कारखाना सोडून दुसऱ्यात जातो आणि त्यात त्याला लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु जाताना तो आधीच्या कारखान्यात विणलेले कापड खांद्यावर टाकून नेत नाही. आमदार नेमके हेच करतो. मतदाराने दिलेले मत, म्हणजे पूर्ण झालेला सामना, जमा झालेले गुण, हे सारे गाठोड्यात बांधून तो पलीकडच्या संघाच्या खात्यावर जमा करतो. खेळाडूची बदली ही श्रमाची देवघेव आहे. आमदाराचे पक्षांतर ही दुसऱ्याच्या मालाची उचल आहे.

महाराष्ट्रात तर याच्याही पुढचा टप्पा गाठला गेला. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह बाहेर पडलेल्या गटाला दिले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळही त्याच न्यायाने अजित पवारांच्या गटाकडे गेले. अकरांतील आठ खेळाडू क्लब सोडून गेले, आणि क्लबाचे नाव, शर्टावरचे बोधचिन्ह आणि कपाटातले चषक त्या आठांचेच, असे कोणी फुटबॉलच्या मैदानावर म्हणाले, तर प्रेक्षक त्याला वेड्यात काढतील. राजकारणात त्याला निवाडा म्हणतात.

गोमंतकाने महाराष्ट्राकडे बोट दाखवून समाधान मानू नये. या विद्येत आम्ही गुरूच्या ठिकाणी आहोत. १९९० च्या मार्चमध्ये काँग्रेसमधून फुटलेल्या आमदारांनी प्रतापसिंह राणे यांचे सरकार पाडले. त्यांत सभापती डॉ. लुईस प्रोत बार्बोझा हेही होते. शिट्टी वाजविणारा पंचच शर्ट बदलून मैदानात उतरला, आणि काही दिवसांनी मुख्यमंत्रीही झाला! मधल्या अठरा दिवसांसाठी मुख्यमंत्रिपदी होते चर्चिल आलेमाव, फुटबॉलच्या दुनियेत ज्यांचे नाव घराघरांत पोचले ते. काँग्रेस, गोवन पीपल्स पार्टी, युगोडेपा, सेव्ह गोवा फ्रंट, राष्ट्रवादी, तृणमूल अशी अनेक मैदाने त्यांनी पाहिली. त्यांच्या कुटुंबाच्या क्लबाचा शर्ट मात्र या सर्व काळात लालच राहिला. चर्चिल ब्रदर्सचा रंग उद्या बदलला तर वार्का आणि बाणावलीत काय होईल याची कल्पना मालकांना आहे. मतदारसंघाविषयी तशी धास्ती त्यांना कधी वाटली नाही.

त्या दशकात गोव्याने डझनभर शपथविधी पाहिले. पुढे १९८५ च्या कायद्यातील एक-तृतीयांश फुटीची पळवाट २००३ च्या घटनादुरुस्तीने बंद झाली. दोन-तृतीयांश सदस्यांच्या ‘विलीनीकरणा’ची मात्र राहिली. मग व्यापार ठोक भावाने सुरू झाला. मार्च २०१९ मध्ये मध्यरात्री मगो पक्षाच्या तिघांपैकी दोघे भाजपमध्ये विलीन झाले. दोन-तृतीयांशाचे गणित इतके काटेकोर, की गणिताच्या शिक्षकानेही शाबासकी द्यावी. जुलैत काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा गेले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी अकरांपैकी आठ गेले.

या शेवटच्या आठांची कथा आम्हां भाविकांना विशेष चटका लावणारी आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या श्री महालक्ष्मीपुढे, बांबोळीच्या खुरसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. आठ महिन्यांत ती विसरली गेली, आणि देवाला विचारूनच निर्णय घेतला, असे दिगंबर कामत यांनी सांगितले. देवाचा कौल घेणे ही या मातीतली जुनी रीत आहे. पाकळी उजवी पडली की डावी, हे सारा गाव उघड्या डोळ्यांनी पाहतो. हा कौल मात्र एकट्याने घेतला गेला. मतदारांनी फेब्रुवारीत दिलेल्या निकालालाही मराठीत कौलच म्हणतात. तो मात्र कोणी विचारात घेतला नाही.

फुटबॉलमध्ये बदलीला नियम आहेत. वर्षातून ठरावीक दोनच मुदतींत बदली करता येते. करार सहसा पाच वर्षांपलीकडचा नसतो. एका हंगामात दोनपेक्षा अधिक क्लबांकडून अधिकृत सामने सहसा खेळता येत नाहीत. करार चालू असताना जायचे तर जुन्या क्लबाला मोबदला द्यावा लागतो, आणि त्यातील पाच टक्के रक्कम लहानपणी त्या पोराला घडविणाऱ्या क्लबांमध्ये वाटावी लागते. एखाद्या खेड्यातल्या मैदानावर ज्याने त्याला पहिल्यांदा चेंडू दिला, त्याचाही हिस्सा या व्यवहारात धरलेला आहे. आमदाराला ज्यांनी भिंती रंगवून, उन्हातान्हात फिरून घडविले, त्या कार्यकर्त्यांचा हिस्सा कोणत्या कलमात आहे?

नियम मोडल्यास गुण जातात. २०२४-२५ च्या आय-लीगचा हंगाम एप्रिलात संपला तेव्हा गुणतक्त्यात चर्चिल ब्रदर्स आघाडीवर होते. खेळाडूंच्या नोंदणीवरून आणि पात्रतेवरून उठलेले वाद लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेले, आणि १८ जुलै २०२५ रोजी विजेतेपद वाराणसीच्या इंटर काशीकडे गेले. गोव्याच्या हातचा चषक गेला, याचे आम्हांसही वाईट वाटले. तरी हंगाम संपल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत, दोन्ही संघांशी काही देणेघेणे नसलेल्या लवादाने निकाल दिला. आता आपल्याकडे पाहा. जुलै २०१९ च्या पक्षांतराविरुद्धच्या याचिका सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळल्या, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, नव्या विधानसभेसाठी मतदान होऊन दहा दिवस लोटल्यावर. तोही पक्षांतर करणाऱ्यांच्या बाजूने. सभापतींकडून हा अधिकार काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सुचविले होते. पंच स्वतःच्या संघातून निवडण्याची सवय लागली, की असली सूचना कोणाला रुचणार?

फुटबॉल हा सोवळ्यातला व्यवहार आहे, असे आम्ही म्हणत नाही. २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या गोव्याच्या तीन नामवंत क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले, कारण खेळाची सूत्रे पैशाच्या थैल्यांकडे गेली होती. २०१९ मध्ये दिल्लीचा संघ उचलून भुवनेश्वरला नेण्यात आला. पुण्याचा संघ बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पुण्याच्या शौकिनाला विचारतो कोण? फुटबॉल महासंघाच्या निवडणुकीतही २ सप्टेंबर २०२२ रोजी भाजपचे कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मताने निवडून आले, आणि पडला तो बायचुंग भुतिया. दोन्ही प्रकारचे दलबदल केलेला हा माणूस. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोघांकडूनही तो खेळला, तरी त्याच्या नावाला कलकत्त्यात मान राहिला. राजकारणात तृणमूल, मग स्वतःचा पक्ष, मग सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंट असा त्याचा प्रवास झाला. पण तो एकदाही निवडून आला नाही, त्यामुळे कोणाची जागा पळविल्याचा दोष तरी त्याच्या माथी नाही.

पक्षनिष्ठा म्हणजे मेंढरागत मागे चालणे, असाही आमच्या म्हणण्याचा अर्थ नव्हे. खरा शौकीन आपल्याच संघाच्या प्रशिक्षकावर सर्वांत मोठ्याने ओरडतो. विवेकाला पटत नाही म्हणून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्यालाही हा कायदा पात्रता घालविण्याचे भय दाखवितो, आणि टोळीने जाणाऱ्यांना मात्र सोडतो. एकट्याने उचलले तर चोरी, दोन-तृतीयांशांनी उचलले तर विलीनीकरण!

सुरतेने यापुढचा प्रकारही पाहिला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तेथील काँग्रेस उमेदवाराचा अर्ज, सूचकांनी आपल्या सह्या नाकारल्यामुळे बाद झाला. उरलेल्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिल रोजी भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. फुटबॉलमध्ये याला वॉकओव्हर म्हणतात, आणि न उतरणाऱ्या संघाला दंड होतो. उधना, लिंबायत हे भाग नवसारी मतदारसंघात येतात, म्हणून तेथील मराठी मतदाराने ७ मे रोजी मतदान केले. त्याच शहरातल्या पलीकडच्या वस्तीतील मतदाराला ‘नोटा’चे बटणही दाबता आले नाही. ज्या सुरतेत २०२१ च्या महापालिका निवडणुकीत आम आदमी पक्षाचे २७ नगरसेवक निवडून आले आणि नंतर त्यांतले अनेक भाजपमध्ये गेले, त्या शहराला याचेही फारसे नवल वाटले नसावे.

उपाय फार विद्वत्तेचा नाही. ज्याला जायचे त्याने जावे. जागा मात्र येथेच ठेवून जावे आणि नव्या शर्टात पुन्हा सामना खेळावा. एकट्याने जावो की टोळीने, नियम एकच. हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी गोव्याचाच इतिहास पाहावा. २०१७ मध्ये विश्वजित राणे यांनी काँग्रेस सोडताना आमदारकीचा राजीनामा दिला आणि वाळपईतून भाजपतर्फे ते पुन्हा निवडून आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनीही राजीनामे दिले. एप्रिल २०१९ च्या पोटनिवडणुकीत दोघेही जिंकले. त्या राजीनाम्यांमागचे हेतू काय होते, हा वाद वेगळा. कौल उघड्यावर घेतला गेला, एवढे खरे. शिरोड्यात तो शंभराहूनही कमी मतांनी उजवा पडला. मांद्र्याच्या मतदारांनी सोपटे यांना नव्या पक्षातही स्वीकारले, आणि तीन वर्षांनी, २०२२ च्या निवडणुकीत, त्यांना घरी बसविले.