वाचा म्हणालात, वाचलं

आमच्या खानदेशातल्या ख्रिस्ती घरांत पोराला अक्षरं जुळवता यायला लागली की एक गोष्ट बजावून सांगतात. पवित्र शास्त्र स्वतः वाचायचं. मध्ये दलाल नको. ज्यांच्या पूर्वजांना पोथीच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती, त्यांच्या हातात हा ग्रंथ आला, तेव्हा तो उघडायचा, त्याला प्रश्न विचारायचे. ही शिकवण मला तेव्हाही पटली होती आणि आजही पटते. मी तिच्याच मागे चाललो. उत्पत्तीपासून मलाखीपर्यंत वाचलं, परत वाचलं, आणि वाचता वाचता ख्रिस्ती राहिलो नाही. शब्बाथ पाळू लागलो, इस्राएलाच्या देवाची, फक्त त्याचीच, प्रार्थना करू लागलो. आणि शिरपूर तालुक्यातल्या ज्या माणसांनी मला वाचायला लावलं तीच आता म्हणतात की याला सैतानानं गाठलं, याला कुणीतरी पैसे चारले, याला इस्राएलात नोकरी पाहिजे.

यातल्या एकानंही माझ्यासमोर शास्त्र उघडलेलं नाही. माझा राग आहे तो एवढ्यावरच.

स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात आली. तापीकाठच्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत त्यांनी भिल्लांना, पावरांना, महार-मांगांना माणूस म्हणून हाक मारली. माझं घराणं त्या हाकेला ओ देणाऱ्यांपैकी. त्या उपकाराबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही. पण उपकार केला म्हणजे माझ्या वाचनाची मालकी मिळाली, असं होत नाही.

मंडळीत जुन्या कराराचं काय करतात ते बघा. यशयाचा त्रेपन्नावा अध्याय गुड फ्रायडेला. मीखाचं बेथलेहेम नाताळला. तेविसावं स्तोत्र मयतीला. आणि मलाखीचा दशमांश दर रविवारी, थैली फिरायच्या आधी. शब्बाथाची आज्ञा रद्द, खाण्यापिण्याचे नियम रद्द, सुंता रद्द, सात वर्षांनी कर्ज सोडून देण्याची आज्ञा रद्द. दहावा हिस्सा मात्र सीनाय पर्वतावरून आजच उतरल्यासारखा ताजा. विचारलं की उत्तर ठरलेलं: ती सावली होती, आता खरी वस्तू आली. मग सावलीतून पैसाच तेवढा का उरला, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मी सुरुवात त्रेपन्नाव्या अध्यायापासून केली नाही. एकेचाळिसाव्यापासून केली, कारण दुःख सोसणाऱ्या त्या सेवकाची ओळख तिथून सुरू होते. देव तिथे सेवकाला नावानं हाक मारतो आणि ते नाव इस्राएल आहे. चव्वेचाळिसाव्यात पुन्हा तेच, एकोणपन्नासाव्यात पुन्हा तेच. एवढं सांगून झाल्यावर त्रेपन्नाव्यात तो सेवक अचानक दुसराच कुणी कसा होतो? ज्याला तसं म्हणायचं आहे त्यानं आधीचे बारा अध्याय मंडळीसमोर वाचून दाखवावेत आणि मग म्हणावं. होशेयाचंही तेच. अकराव्या अध्यायात देव जुनी आठवण काढतो: इस्राएल लहान होता, मी त्याला मिसरातून बोलावलं, आणि हा मूर्तींच्या मागे पळाला. मत्तयानं त्यातलं अर्धं वाक्य उचललं आणि बाळ येशूच्या मिसरातून परतण्याचं भाकीत म्हणून लावलं. उरलेलं अर्धं लावता येत नव्हतं, कारण मूर्तींच्या मागे पळणारा त्यात बसत नाही.

हे तरी एक वेळ सोडून देता आलं असतं. पौलाचं रोमकरांस पत्र मला सोडता आलं नाही.

अनुवादाच्या तिसाव्या अध्यायात मोशे म्हातारा झालाय, यार्देनेच्या अलीकडे उभा आहे, आणि लोकांना धीर देतोय. ही आज्ञा तुमच्या आवाक्याबाहेरची नाही, असं तो सांगतो. ती आणायला कुणी आकाशात चढायला नको, कुणी समुद्र ओलांडायला नको. ती तुमच्या तोंडात आहे, अंतःकरणात आहे, ती तुम्ही पाळावी म्हणून. माझ्यासारख्या माणसासाठी या चार ओळी म्हणजे सारं शास्त्र आहे. देव अशक्य असं काही मागत नाही. मागतो ते जमण्यासारखं आहे. चुकलात तर परत फिरा, दार उघडं आहे. आता रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय उघडा. पौल हाच उतारा घेतो. आकाशात चढण्यापाशी ख्रिस्ताला खाली आणण्याची गोष्ट घालतो, समुद्राच्या जागी अधोलोक येतो आणि तिथे ख्रिस्ताला वर आणण्याची. तोंड आणि अंतःकरण ठेवतो. आणि जिथे मोशे म्हणतो की हे पाळण्यासाठी आहे, नेमक्या तिथे पौलाचं अवतरण संपतं. ज्या वाक्यात नियमशास्त्र माणसाला जमतं असं सांगितलंय, त्याचा शेवट कापून ते जमत नाही या शिकवणीच्या आधाराला लावलं गेलं. हे मी पाळकांना दाखवलं. आत्म्यानं वाच, अक्षरानं वाचू नको, असं ते म्हणाले. पाळकसाहेब, अक्षर तुम्हीच शिकवलंत.

आणि आमच्या पापांसाठी दुसऱ्यानं मरण्याचं काय? सोन्याच्या वासराच्या पापानंतर मोशे देवाला म्हणतो, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोडून टाक. मोशेपेक्षा लायक बदली माणूस कोण मिळणार होता? देव नकार देतो. ज्यानं पाप केलं त्याचंच नाव खोडीन म्हणतो. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात हेच अख्खा अध्यायभर सांगितलंय: बापाचं पाप मुलावर नाही, मुलाचं बापावर नाही, आणि दुष्ट माणूस आपल्या वाटेवरून परतला तर तो जगेल. मूळ पापाच्या शिकवणीला इथे जागा नाही. आदामानं खाल्लं म्हणून शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात आज जन्मलेलं लेकरू दोषी, हे यहेज्केलासमोर उभं राहून म्हणायची कुणाची छाती आहे?

दर आठवड्याला खटकणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती शास्त्रार्थापेक्षा वाईट आहे. शिरपुरात कुणी ज्यू राहत असल्याचं मी कधी पाहिलं नाही. तरी आमच्या पोरांना परुशी ही शिवी पाठ असते. ढोंगी म्हणजे परुशी, कंजूष म्हणजे परुशी, भावकीत भांडण झालं की समोरचा परुशी. हे परुशी कोण होते? येशूच्या काळातला ज्यूंचाच एक पंथ. हिल्लेलसारखा थोर गुरू त्यांचाच. मंदिर पडल्यावर, राज्य गेल्यावर, होमबली बंद झाल्यावर ज्यांनी वाचन, प्रार्थना आणि दानधर्म यांवर एक अख्खा समाज तगवला ते त्यांचेच वारस. त्यांच्या लेकरांना युरोपात गुड फ्रायडेच्या प्रवचनानंतर घरातून ओढून मारलं जाई. मार्टिन ल्यूथरनं 1543 मध्ये त्यांची सभास्थानं जाळा असं लिहिलं. रोमच्या चर्चला ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष साऱ्या ज्यूंवर लादता येणार नाही हे जाहीर करायला 28 ऑक्टोबर 1965 उजाडला. सातपुड्याच्या पायथ्याशी ती बातमी अजून पोचायची आहे. आणि याच मंडळ्यांत आता व्यासपीठावर इस्राएलचा झेंडा लागतो, मेंढ्याचं शिंग फुंकतात, पाळक खांद्यावर तालीथ, म्हणजे ज्यूंची प्रार्थनेची शाल, घालून आशीर्वाद देतात. सकाळी परुशांना शिव्या आणि संध्याकाळी त्यांचीच वस्त्रं. ज्याला तालीथ हवी त्यानं तिच्या चारही गोंड्यांसोबत येणाऱ्या आज्ञा घ्याव्यात. नाहीतर ती घडी घालून, ज्यांची आहे त्यांना परत करावी.

मराठीत हे पहिल्यांदा घडतंय असं समजू नका. मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि 1832 मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, ज्यांना गावात शनिवार तेली म्हणत, त्यांच्या मुलांनी मिशनच्या शाळांत हिब्रू शिकावं, शास्त्र वाचावं आणि त्यातून ख्रिस्ताकडे यावं हा हेतू. मुलं शाळेत गेली. मन लावून शिकली. त्यातल्या काहींनी त्याच शाळांत मास्तरकी केली. पण बाप्तिस्म्याला फारसं कुणी आलं नाही. मिशनऱ्यांनी दिलेल्या हिब्रूनं त्यांनी स्वतःच्या प्रार्थना समजून घेतल्या. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी त्या प्रार्थना मराठीत आणल्या. 1874 मध्ये पुण्यात हागादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रू आणि मराठीत, चित्रांसकट छापलं गेलं. मुंबईत समाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये उभारलेलं सिनेगॉग ओस पडलं नाही. ज्या मुलुखात ग्रंथ वाचायला दिला की माणूस आपल्याकडेच येणार अशी मिशनऱ्यांची खात्री होती, त्याच मुलुखात अलिबाग-पेणच्या तेल्यांनी तो वाचून आपला धर्म अधिक घट्ट केला. मी त्यांच्या रक्ताचा नाही. पण त्या वाचनाचा मी वारस आहे, आणि तो वारसा मराठी आहे.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्या ज्यांचं नाव अभिमानानं घेतात त्या पंडिता रमाबाईंकडे तरी बघा. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच इंग्लंडमधल्या जोगिणी आणि बिशप त्यांनी काय मानावं ते ठरवू लागले. त्रैक्याबद्दल रमाबाईंनी त्यांना पत्रांतून उलट सवाल केले. एका पुरोहितवर्गाच्या कचाट्यातून सुटले ती दुसऱ्याच्या हाती जायला नव्हे, ही त्यांची भूमिका. पुढे केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांवरून सारं शास्त्र सोप्या मराठीत आणलं, आणि 1922 मध्ये गेल्या तेव्हा ते काम हातावेगळं झालेलं होतं. त्या शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिल्या, मी राहिलो नाही. पण स्वतः वाचून ठरवण्याचा जो हक्क त्यांनी बिशपांकडून ओढून घेतला, तोच मी माझ्या पाळकांकडे मागतोय. त्यांना दिला म्हणून गौरव, मला दिला तर धर्मद्रोह?

आता लोभाचा आरोप. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्याची सवलत 1950 च्या आदेशानं जाते. पुढे शीख आणि बौद्ध त्या आदेशात आले, ख्रिस्ती आले नाहीत, आणि ज्यूही आलेले नाहीत. म्हणजे मी एका बिनसवलतीच्या घरातून दुसऱ्या बिनसवलतीच्या घराच्या उंबऱ्याशी आलो. मिशनच्या दवाखान्याची ओळख गेली, मंडळीतली सोयरिक गेली, कब्रस्तानातली जागा गेली. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, म्हणजे सहा दिवसांच्या नोकरीत मालकाशी दर आठवड्याला वाद. दहा पुरुष जमल्याशिवाय पूर्ण प्रार्थना होत नाही आणि ते दहा भेटायला मला नरडाण्याहून रेल्वे धरून ठाण्या-मुंबईला जावं लागतं. लोभी माणसाला हा सौदा कुणी विकून दाखवावा.

दुसऱ्या बाजूनंही लोक आले. येशू सोडलास तर ये, घरी परत ये, म्हणाले. कुठलं घर? ज्या घराच्या विहिरीवर माझ्या पणज्याला पाणी ओढू दिलं नाही ते? मी देवाला शोधत एका ठिकाणाहून निघालो याचा अर्थ मी मोकाट ढोर आहे आणि जो दावं टाकेल त्याच्या गोठ्यात जाईन, असं होत नाही. पाळकांना वाटतं मला फसवलं गेलं, यांना वाटतं मला आधी फसवलं होतं. मी डोकं वापरलं असेल, हे दोघांपैकी एकाच्याही मनात येत नाही. खानदेशातला दलित शास्त्र वाचून निष्कर्षाला येऊ शकतो, हेच दोघांना सहन होत नाही.

आणि ज्यू? त्यांनी मला बोलावलं नाही. या गोष्टीनं माझी खात्री सर्वात जास्त पटली. ख्रिस्ती राहिलो नाही तर नरक, असं मला सांगण्यात आलं होतं. सिनेगॉगमधल्या वृद्ध गृहस्थांनी सांगितलं की नोहाच्या वंशाला दिलेल्या सात आज्ञा नीट पाळल्यास तरी पुरे, ज्यू व्हायची सक्ती नाही, येणाऱ्या जगात नीतिमान परक्यालाही वाटा आहे. यायचंच असेल तर शिका, थांबा, तीन दयानांसमोर, म्हणजे धर्मन्यायाधीशांसमोर, उभे राहा, सुंता आणि स्नान. भारतात ते न्यायपीठ कायम बसत नाही, म्हणून थांबणं लांबतं. मी थांबलोय आणि स्वतःला अजून ज्यू म्हणवत नाही. बेने इस्राएलांनी पिढ्यानपिढ्या शब्बाथ पाळला, तरी इस्राएलात गेल्यावर त्यांच्या लग्नांवर रब्बींनी शंका घेतली, आणि 1964 मध्ये ते रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे तिथल्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं ठणकावलं. मग मला दाराशी थांबवलं तर मी रुसायचं कशाला?

इटलीच्या सान निकांद्रो गावात दोनातो मांदूझियो नावाचा युद्धात अपंग झालेला शेतकरी होता. 1930 मध्ये त्याच्या हाती बायबल पडलं. ते वाचून त्यानं शब्बाथ सुरू केला, आणि जगात आता ज्यू उरलेच नाहीत अशी त्याची समजूत होती. आहेत हे कळल्यावर त्यानं रोमच्या रब्बींना लिहिलं, त्यांनी दाद दिली नाही. मुसोलिनीनं 1938 मध्ये ज्यूंविरुद्ध कायदे केले तेव्हाही त्याची माणसं मागे हटली नाहीत. 1946 मध्ये त्यांचा स्वीकार झाला. युगांडात सेमेई काकुंगुलू या सरदारानं मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला होता. शास्त्र वाचून 1919 मध्ये त्यानं स्वतःची आणि मुलांची सुंता केली. मिझोराम-मणिपूरची बेने मेनाशे मंडळी दोन पिढ्या ख्रिस्ती राहून तिकडे वळली. यांतल्या कुणाकडे ज्यूंचा प्रचारक गेला नव्हता. सगळीकडे ख्रिस्ती हातांतून आलेला ग्रंथ, आणि तो शेवटपर्यंत वाचणारा माणूस.

तेव्हा पाळकसाहेब, घरोघर माझ्याविरुद्ध प्रार्थना करत फिरण्यापेक्षा एक काम करा. योनाचं पुस्तक चार अध्यायांचं आहे. कोकणातले बेने इस्राएल ज्याला दरफाळणीचा सण म्हणत त्या योम किप्पूरला, उपासाच्या दुपारी, ते पूर्ण वाचतात. येत्या रविवारी तुम्हीही ते मंडळीसमोर पूर्ण वाचा. निनवेचे लोक मूर्तिपूजक होते. त्यांनी बळी दिला नाही, रक्त सांडलं नाही, कुणा मसीहावर विश्वास ठेवला नाही. गोणपाट नेसले, उपास केला, हातातला जुलूम टाकला. देवानं ते पाहिलं आणि त्यांना क्षमा केली. रक्ताशिवाय क्षमा नाही असं तुम्ही मला लहानपणापासून शिकवलंत. निनवेला ती कशी मिळाली, ते माझ्या पाठीमागे नव्हे, मी समोर बसलेलो असताना सांगा. मी येईन.