आईचा पाय, छापाचं काँक्रीट आणि आमचं मागचं दार

गेल्या जुलैतली गोष्ट. मंगळवार, सकाळचे साडेदहा. ऑफिसात डेडलाइन डोक्यावर, कॉफी हातात आणि मोबाइलवर बाबांचं नाव. बाबा कधीच या वेळेला फोन करत नाहीत. ‘‘घाबरू नकोस, पण आई मागच्या दारी घसरली. मनगट गेलंय.’’

आमचं घर रत्नागिरीजवळच्या गावात. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. मागच्या दारी जांभ्याचे चिरे घातलेले. बाजूला विहीर, कपडे धुवायची दगडी आणि दोन माड. फोटोत एकदम झकास! पण जुलैत त्या चिऱ्यांवर शेवाळाचा असा थर चढतो, की मांजरसुद्धा विचार करून पाऊल टाकतं. आई तिथून दिवसातून वीस वेळा जाते-येते, अनवाणी, हातात बादली घेऊन.

आईच्या हाताला प्लास्टर लागलं आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर संसदेचं अधिवेशन सुरू झालं. दादा बंगलोरहून म्हणाला, ‘‘टाइल्स टाकून मोकळे व्हा.’’ बाबा म्हणाले, ‘‘अंगणात सिमेंट? मी असेपर्यंत नाही.’’ वहिनीने पेव्हर ब्लॉकचा फोटो टाकला. आणि मी? मी ‘पत्रकार’ असल्यामुळे चौकशीचं काम आपोआप माझ्या गळ्यात.

चौकशी करता करता भेटलं स्टॅम्प्ड काँक्रीट. नाव ऐकून दचकू नका. मुळात हा आपला कोबाच. फरक एवढाच, की काँक्रीट ओलं असतानाच त्यात रंग येतो आणि वरून रबरासारख्या पॉलियुरेथेनच्या मोठ्या साच्यांनी दगडाचा, विटेचा किंवा लाकडाचा ठसा उमटवतात. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन यांनी या तंत्राची सुरुवात केली. आता आपल्याकडेही रिसॉर्टच्या पूलसाइडपासून फार्महाऊसच्या पार्किंगपर्यंत ते दिसतं.

पहिल्या नजरेत मी खूश. सगळं अंगण एकसंध, त्यामुळे पेव्हरसारखं सांध्यांतून गवत उगवत नाही, एखादा ब्लॉक खचून ठेच लागत नाही. खऱ्या दगडाचा लूक हवा असेल, तर खिशालाही तुलनेने बरं. मग एका मैत्रिणीच्या अलिबागच्या फार्महाऊसवर प्रत्यक्ष बघायला गेले. नुकताच पाऊस पडून गेला होता. चॉकलेटी रंगाचं, आरशासारखं चमकणारं अंगण. मी फ्लोटर्स काढून दोन पावलं टाकली आणि सरळ मैत्रिणीचा खांदा धरला. काचेवर साबण सांडल्यासारखं! ‘‘सासूबाई पावसाळ्यात इकडे पायच ठेवत नाहीत,’’ मैत्रीण म्हणाली.

म्हणजे आईसाठी निवडलेली फरशी आईलाच पाडणार होती. तिथून खरा अभ्यास सुरू झाला.

दोष काँक्रीटचा नव्हता, त्यावरच्या चकाकीचा होता. स्टॅम्प्ड काँक्रीटवर शेवटी सीलर लावतात. बहुतेक ठिकाणी तो अॅक्रिलिकचा असतो. तो वर पातळ फिल्म धरतो, रंग खुलवतो आणि ‘वेट लूक’ देतो. ब्रोशरमधले सगळे फोटो त्याचेच. पण ओलं झालं की ही फिल्म घसरते. शिवाय आपल्या दमट हवेत काँक्रीटमधला ओलावा तिच्याखाली अडकला, तर पांढरट धुकं धरतं. भर उन्हात तापलेल्या जमिनीवर लावली, तर बुडबुडे येतात. यावर उपाय दोन. एक, सीलरमध्ये बारीक अँटी-स्लिप दाणे मिसळून घ्यायचे. दोन, फिल्म न धरणारा, आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेन सीलर घ्यायचा. त्याने चमक येत नाही, पण पाणी शोषलं जाणं कमी होतं आणि मूळचा खरखरीतपणा तसाच राहतो. आम्ही दुसरा घेतला. दादा म्हणाला, ‘‘डल दिसेल.’’ म्हटलं, दिसू दे. आईचं मनगट डल दिसण्यापेक्षा बरं.

मग डिझाइन. कॅटलॉगमधला गोटीव दगडांचा खोल ठसा मला भयंकर आवडला होता. पण खोल खाचांत पाणी आणि चिखल साचतो, आणि जिथे पाणी साचतं तिथे शेवाळ. शिवाय खुर्ची डगमगते, म्हाताऱ्या माणसाच्या चपलेचं टोक अडकतं. अगदी गुळगुळीत ठसाही नको. मधला मार्ग म्हणजे पाटीच्या दगडासारखा उथळ पण खरखरीत पोत.

रंगाचंही तसंच. गडद रंग फोटोत भारी, पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता अनवाणी चालून बघा! शिवाय सिमेंटमधले क्षार वर आले, की गडद रंगावर पांढरे डाग ठळक दिसतात. फार फिकट घ्यावा, तर कोकणची लाल माती त्याचा आठ दिवसांत निकाल लावते. म्हणून विटकरीकडे झुकणारा फिकट बदामी घेतला. तोही आधी दोन बाय दोन फुटांचा नमुना करून घेऊन. त्या नमुन्यावर सीलर लावला, साबणाचं पाणी ओतलं आणि बाबांना अनवाणी उभं केलं. बाबा नाराजीनेच उभे राहिले, पण घसरले नाहीत!

आता मुहूर्त. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दारात असतो. सीलर लावण्याआधी काँक्रीटला साधारण २८ दिवस द्यावे लागतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये ‘चला, करून टाकू’ म्हणणाऱ्यांचं काही खरं नाही. उन्हात काँक्रीट भराभर घट्ट होतं आणि ठसा मारायला मिळणारा वेळ चुटकीसरशी संपतो. आम्ही फेब्रुवारी धरला.

आमचं मागचं दार २० बाय २० फूट. चार इंच जाडीने हिशेब केला, तर साधारण पावणेचार घनमीटर काँक्रीट. आधी चिरे काढून, धुम्मस करून खडीचा थर नीट बसवला. घरापासून बाहेर दर फुटाला पाव इंच उतार दिला, कारण शेवाळाला खरा शह पाण्याच्या निचऱ्याचाच. चार इंचांच्या जाडीला आठ ते बारा फुटांवर सांधा लागतो, म्हणून १० बाय १०चे चार चौकोन पाडून घेतले. सांधे एक इंच खोल. काँक्रीटला तडा जाणारच असतो. तो आपण आखलेल्या रेषेत जावा, एवढीच युक्ती.

कामाच्या दिवशी सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला. तीन चौकोन मस्त झाले. मग मिक्सर बंद पडला. तो सुरू होऊन चौथा चौकोन भरेपर्यंत ऊन चढलं आणि रंधा मारून होतोय तोवर काँक्रीट कडक व्हायला लागलं. कॉन्ट्रॅक्टर वरून पाणी शिंपडायला निघाला. ‘‘ताई, जरा नरम करतो, ठसा छान येईल.’’ मी आडवी आले. घट्ट होत आलेल्या काँक्रीटवर पाणी मारून घोटलं, की वरचा थर कमजोर होतो. पुढे तोच पापुद्र्यासारखा सुटतो आणि रंगही फटफटीत होतो. पाच मिनिटं चांगलीच जुंपली. शेवटी पाणी न मारताच ठसा मारला. तो चौकोन आजही बाकीच्या तिघांपेक्षा पुसट आहे. दर वेळी नजर तिथेच जाते. यातली सर्वांत मोठी अडचण हीच, की ठशाला रिटेक नाही. आणि उद्या तुकडा फोडून दुरुस्त केला, तरी रंग हुबेहूब जुळत नाही. इथे पेव्हर जिंकतो. एक ब्लॉक काढा, दुसरा बसवा.

क्युरिंगची गंमत वेगळीच. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओलावा हवा. साध्या कोब्यावर आपण आळी बांधून पाणी साचवतो. रंगीत काँक्रीटवर तसं केलं, तर डाग पडायची भीती. गोणपाटाचा रंग उतरतो, प्लॅस्टिकच्या सुरकुत्या उमटतात. क्युरिंग कंपाऊंड फवारता येतं, पण ते पुढच्या सीलरशी जुळणारं हवं, नाहीतर सीलर आत मुरतच नाही. आमच्याकडे ट्रंकेतून आजोबांची पांढरी धोतरं आणि जुन्या चादरी निघाल्या. दहा दिवस त्या सारख्या ओल्या ठेवल्या. कोणी? ‘मी असेपर्यंत नाही’ म्हणणाऱ्या बाबांनी! सकाळ, दुपार, संध्याकाळ हातात झारी.

अर्थात बाबांनी आपली अटही वसूल केली. पुढचं अंगण मातीचंच राहिलं, तुळशीभोवती सारवलेलं. मागेही माडांच्या बुंध्याभोवती आणि विहिरीच्या बाजूला पट्टा मोकळा सोडला. ‘‘सगळं सिमेंटने बुजवाल, तर पाणी मुरायचं कुठे?’’ हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. स्टॅम्प्ड काँक्रीट पाणी आत सोडत नाही. ते कुठे जाणार, हे आधी ठरवावंच लागतं.

करणार असाल तर एवढं बघाच

- ब्रोशरवर जाऊ नका. कॉन्ट्रॅक्टरने दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी केलेलं काम बघा, तेही ओलं असताना.
- नमुन्याचा तुकडा सीलरसकट करून घ्या. ओला करा, अनवाणी उभे राहा.
- कोणता सीलर, किती हात, दाणे घालणार की नाही, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या.
- काम पहाटे सुरू करा. एका दमात ठसा मारून होईल, तेवढंच काँक्रीट ओता.
- दर दोन-तीन वर्षांनी सीलरची पाळी येते. तो खर्च आजच धरा.
- शेवाळ येणारच. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खराटा मारायला पर्याय नाही.

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्या संध्याकाळी मी मुद्दाम फोन केला. ‘‘आई, मागे गेली होतीस? कसं वाटतंय?’’

‘‘चार वेळा जाऊन आले. पायाला धरून ठेवतंय गं ते,’’ आई म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘हे असं दिवसातून फोन करून विचारत बसण्यापेक्षा दोन दिवस येऊन स्वतःच चालून का बघत नाहीस?’’

शनिवारचं तिकीट काढलंय. खराटा मारायची पाळी माझी!