घर बांधताना कागद का हवा?

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरसारख्या गावात घराचं बांधकाम आजही चौरस फुटाच्या भावावर ठरतं. भाव ठरला, नारळ फुटला, काम सुरू. करारनामा करू म्हटलं की दोन उत्तरं येतात: "आपल्याच माणसावर विश्वास नाही का?" आणि "कागद करून कोर्टात आयुष्य घालवायचं का?"

दुसरं उत्तर शिरपुरात वजनदार ठरतं. इथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या जैन मंदिराला वादामुळे 1981 साली लागलेलं कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये निघालं. कोर्टाला वेळ लागतो, हे मान्य. पण घरबांधणीचा वाद लांबतो तो काही लिहिलेलं नसतं म्हणून. स्लॅब गळू लागला की मालक म्हणतो सळई 10 मिलिमीटरची ठरली होती, गुत्तेदार म्हणतो 8 ची. वहीत फक्त उचल असते: अमुक तारखेला इतके दिले. कशाचे दिले, ते नसतं. मग पंचांनी तरी काय मोजायचं?

भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 73 मधलं एक उदाहरण घरदुरुस्तीचंच आहे: आगाऊ पैसे घेऊन ठरल्याप्रमाणे काम केलं नाही, तर ते ठरल्यासारखं करून घ्यायचा खर्च मालकाला मिळतो. पण 'ठरल्यासारखं' म्हणजे कसं, हे दाखवायला कागदच लागतो.

मालकांचाही एक लाडका समज आहे: उशीर झाला की करार मोडायचा आणि पैसे अडवायचे. हे चूक आहे. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरच्या जलसेतूचं काम 1955 मध्ये 12 महिन्यांच्या मुदतीने दिलं गेलं. मुदत उलटताच 1956 मध्ये सरकारने करार मोडला. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. तुळजापूरकरांनी निकाल दिला की करारातच मुदतवाढीची आणि विलंबाच्या दंडाची सोय असताना मुदत हा कराराचा प्राण ठरत नाही. सरकार हरलं ते स्वतःच्याच कलमांमुळे.

लिहिलेला दंडही आपोआप पदरात पडत नाही. कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा असते, तिच्या आत वाजवी तेवढंच मिळतं. आणि मुदत हा कराराचा प्राण असतानाही उशिरा झालेलं काम मुकाट्याने ताब्यात घेतलं, तर कलम 55 नुसार विलंबाची भरपाई मागता येत नाही. ताबा घेतानाच तसं कळवावं लागतं. किती जण कळवतात?

म्हणून माझा आग्रह आहे: पाया, स्लॅब, प्लॅस्टर अशा टप्प्यांना हप्ते बांधा, सळईची जाडी आणि सिमेंटचं प्रमाण लिहा, दोघांच्या सह्या घ्या. गळका स्लॅब फोडण्याआधी गुत्तेदाराला लेखी कळवा, फोटो काढा, दुरुस्तीची बिलं जपा. घरबांधणीची सेवा ग्राहक कायद्यातही येते. वाशीमच्या ग्राहक आयोगाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जाता येतं.

हाच कागद गुत्तेदारालाही तारतो. मालकाने विनाकारण काम मधेच काढून घेतलं तर झालेल्या कामाच्या पैशांसोबत उरलेल्या कामातला अपेक्षित नफाही मागता येतो. गुजरातमधल्या एका रस्त्याच्या ठेक्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो मान्य केला. तो मागायचा तर मुळात किती काम ठरलं होतं, हे आधी दाखवावं लागतं.