बजर वाजला नाही, तेच बरं झालं!



विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आपल्या सगळ्यांची धावपळ सुरू होते. मॉडेल, चार्ट, थर्माकोल, रंगीत कागद... आणि आदल्या दिवशी संध्याकाळी ठरलेलं वाक्य, "मॅडम, हे चालतच नाहीये!"

यंदा माझ्या सातवीच्या मुलांनी पाण्याची टाकी भरली की वाजणारा अलार्म करायचं ठरवलं. गावात नळाला पाणी येतं तेव्हा निम्म्या घरांच्या टाक्या ओसंडून वाहतात, म्हणून विषय मुलांनीच सुचवला. साहित्य अगदी थोडं. ९ व्होल्टची बॅटरी, एक बजर, बीसी ५४७ हा दोन-तीन रुपयांचा ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर, दोन तारा आणि भोकांचा झिरो बोर्ड. पाणी दोन्ही तारांना टेकलं की थोडासा प्रवाह ट्रान्झिस्टरच्या बेसला जातो, त्यामुळे ट्रान्झिस्टर चालू होतो आणि बजर वाजतो. कागदावर सोपं. बोर्डावर मात्र बजर मुका!

एका पालकांनी लगेच उपाय सांगितला, "मॅडम, तालुक्याला तयार मिळतं. उद्या सकाळी घेऊन येतो." त्यांची तळमळ मला कळत होती. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर बरं वाटलं. कारण दोन वर्षांपूर्वी मी तेच केलं होतं. मुलांचं बंद पडलेलं मॉडेल बाजूला ठेवून रात्री घरी स्वतः दुसरं जोडलं. प्रदर्शनात परीक्षकांनी मुलाला विचारलं, "बाळा, हे बंद पडलं तर काय करशील?" त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरले नाही. मॉडेल चालू होतं, पण मुलाचा विश्वास मीच बंद पाडला होता.

म्हणून यंदा म्हटलं, शोधू या. लागला वेळ तर लागू दे.

फळ्यावर एकच नियम लिहिला : अंदाजाने काही बदलायचं नाही, आधी तपासायचं. मग मुलं एकेका संशयिताला बोलवू लागली. बॅटरी? मल्टिमीटरवर ९ व्होल्ट आले, ती सुटली. बजर? अधिक-उणे पाहून थेट बॅटरीला लावला, तर वाजला. तोही सुटला. ट्रान्झिस्टर उलटा बसला का? बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. तेही बरोबर होतं. (इथे बरेच जण फसतात, कारण दुसऱ्या नंबरच्या ट्रान्झिस्टरमध्ये पायांचा क्रम वेगळा असू शकतो. व्हिडिओत एक आणि आपल्या हातात दुसरा, मग कसं चालणार?)

मग दोन तारांची टोकं एकमेकींना टेकवून बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज मोजलं. साधारण ०.७ यायला हवं होतं, आलं शून्य. म्हणजे बेसपर्यंत काही पोचतच नव्हतं! बॅटरी काढली, मल्टिमीटर 'बीप'वर ठेवला. रेझिस्टरच्या पायापासून बेसच्या पायापर्यंत बीपच नाही. भिंगातून पाहिलं तर तिथलं सोल्डरिंग कच्चं. वरून गोळा दिसत होता, पण तो पायाला धरलेलाच नव्हता. नुसतं सोल्डर वितळवून वर टाकलं की असं होतं. आधी पाय आणि बोर्डावरचं तांबं दोन्ही तापवायचं, मग सोल्डर लावायचं.

जोड पक्का केला. बजर वाजला आणि वर्गात एकच गलका! पण गंमत पुढेच. तारा वेगळ्या केल्या तरी तो थांबेना. मुलांचे चेहरे पडले. तेवढ्यात एक मुलगी, जी एरवी वर्गात फारशी बोलत नाही, ती म्हणाली, "मॅडम, मघाशी आपण सोल्डर जास्त टाकलं ना? शेजारच्या पायाला लागलं असेल." अगदी तसंच! बेस आणि कलेक्टरमध्ये सोल्डरचा पूल झाला होता. एक चूक काढताना आम्हीच दुसरी घातली होती. जादाचं सोल्डर काढलं आणि अलार्म शहाण्यासारखा वागू लागला.

आमचा नंबर आला नाही. शेजारी तयार मॉडेलं चकचकीत होती. पण परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला तेव्हा या मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. वही उघडली आणि कुठला दोष कसा सापडला ते क्रमाने सांगितलं. माझं बक्षीस मला तिथेच मिळालं.

माझं मत स्पष्ट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुभवातून शिकण्यावर भर देतं, आणि न चालणाऱ्या वस्तूइतका अनुभव दुसरं काही देत नाही. म्हणून प्रदर्शनात मॉडेलला जसे गुण असतात तसे 'दोषवही'लाही असावेत : काय बिघडलं, कसं तपासलं, काय सापडलं. भागाकार चुकला तरी हेच करायचं ना? अख्खं उदाहरण खोडून टाकायचं नाही, कुठल्या पायरीपर्यंत बरोबर आहे ते पाहायचं.

पालकांना दोन विनंत्या. सोल्डरिंगच्या वेळी मुलाजवळ बसा, खिडकी उघडी ठेवा, झाल्यावर हात धुवायला लावा आणि प्रयोग बॅटरीवरच करू द्या, घरातल्या प्लगवर कधीच नाही. दुसरी विनंती जरा अवघड आहे. मूल अडलं की लगेच त्याच्या हातातून वस्तू घेऊ नका. फक्त विचारा, "तू काय काय तपासलंस?"

आणि हो, आठ-दहा दिवसांनी आमच्या पाण्यातल्या तारा काळवंडल्या आणि अलार्म पुन्हा नीट वाजेना. मी काही बोलायच्या आतच मुलांनी मल्टिमीटर काढला होता.